एका फॉर्मची समीक्षा : बेरोजगार कोण, हे कोण ठरवतं?

(वाशी इथे झालेल्या जाहीर व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)

बाहेर एवढा पाऊस असताना आकडेवारीवरचं भाषण ऐकायला इतकी माणसं येतील असं मला वाटलं नव्हतं. आयोजकांनाही वाटलं नसावं, कारण खुर्च्या अजून येताहेत. मागे उभे आहात त्यांनी पुढे या, इथे बाजूला जागा आहे.

समीक्षा म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर कादंबरी येते, नाटक येतं. मी आज एका फॉर्मची समीक्षा करणार आहे. त्याचं नाव 'अनुसूची १०.४'. नियतकालिक श्रमबळ सर्वेक्षणाचा, म्हणजे ज्याला सगळे पीएलएफएस म्हणतात त्या पाहणीचा हा फॉर्म. देशात बेरोजगारी किती, हा जो आकडा तुम्ही टीव्हीवर पाहता, ज्याच्यावरून संसदेत आरडाओरडा होतो, तो या फॉर्ममधल्या काही रकान्यांतून निघतो. फॉर्म कुणी वाचत नाही. आकडा मात्र सगळे वाचतात आणि त्यावर भांडतात. माझी तक्रार इथूनच सुरू होते.

आधी माझा स्वतःचा गुन्हा सांगतो. काही वर्षांपूर्वी आमच्या सोसायटीत ही पाहणी आली. हातात टॅब घेतलेली एक तरुण मुलगी दारात उभी. वॉचमनने तिला खाली वीस मिनिटं थांबवलं होतं, सेक्रेटरीला फोन करून मग सोडलं. मी अर्थशास्त्र शिकवलेला माणूस, मला आनंदच झाला. आत बोलावलं, पाणी दिलं आणि घरातल्या सगळ्यांची उत्तरं मीच धडाधड दिली. माझं, मुलाचं, बायकोचं. "मिसेस काय करतात?" "गृहिणी." पुढचा प्रश्न.

मिसेस त्या वेळी स्वयंपाकघरात चार डबे भरत होत्या. समोरच्या इमारतीत पेइंग गेस्ट राहणाऱ्या मुलांचे डबे. महिन्याचे पैसे ठरलेले. हे काम ती तेव्हा तीन वर्षं करत होती आणि त्या पैशांतून आमच्या घराचा गॅस, भाजी आणि तिच्या भिशीचा हप्ता सुटत होता. माझ्या तोंडातून 'गृहिणी' निघालं तेव्हा मी खोटं बोलत नव्हतो. मला ते काम वाटलंच नव्हतं.

शहरी भागात या पाहणीची पद्धत अशी होती की त्याच घरी चार वेळा यायचं, दर तीन महिन्यांनी. दुसऱ्या खेपेला मी बाहेर होतो, दार हिने उघडलं. "गेल्या आठवड्यात काही काम केलंत का?" "हो, डबे देते." झालं. आधीच्या फेरीत ती कोड ९२, म्हणजे फक्त घरकाम, श्रमशक्तीच्या बाहेर. या फेरीत कोड ११, स्वयंरोजगार. देशाच्या दृष्टीने आमच्या घरात तीन महिन्यांत महिलांचा रोजगार वाढला. (हशा.) तुम्ही हसताय, पण हे लक्षात ठेवा. याच प्रकारच्या एका वाढीबद्दल पुढे बोलायचं आहे.

यावरून मी एक सिद्धांत मांडून बसलो होतो, की नवऱ्याने उत्तर दिलं की बायकोचं काम गायब होतं. मग टांझानियातला एक प्रयोग वाचनात आला. बार्डासी, बीगल, डिलन आणि सर्नील्स या अभ्यासकांनी तिथे काही घरांना थोडक्यात प्रश्न विचारले, काहींना खोदून. काही ठिकाणी ज्याचं त्याला विचारलं, काही ठिकाणी दुसऱ्याला. चार गटांमध्ये श्रमसहभागाचा दर दहा टक्के-बिंदूंपर्यंत वेगळा आला. माणसं त्याच देशातली, हंगाम तोच, फक्त विचारण्याची रीत वेगळी. पण दुसऱ्याने उत्तर दिल्यामुळे श्रमशक्तीतून गळाले ते पुरुष. बायका श्रमशक्तीतून गळल्या त्या प्रश्न घाईत, न खोदता विचारल्यामुळे. म्हणजे त्या प्रयोगाच्या हिशेबाने 'गृहिणी' म्हणणारा मी जेवढा दोषी, तेवढाच 'गृहिणी' या शब्दावर न थांबता पुढे जाणारा प्रश्नही दोषी. अमेरिकेतही हेच घडत होतं. तिथली मासिक पाहणी १९४० पासूनची, आज साधारण साठ हजार घरांत जाते. १९९४ पर्यंत तिथला मुलाखतकार समोर कोण आहे ते पाहून पहिला प्रश्न बदलायचा. पुरुष दिसला की 'काम करत होतात का', बाई दिसली की 'घर सांभाळत होतात का'. पन्नास वर्षं त्यांनी हे चालू दिलं, मग प्रश्नावली नव्याने लिहिली.

आता त्या प्रसिद्ध एका तासाकडे येऊ. गेल्या सात दिवसांत एखाद्या दिवशी एक तास जरी काम केलं असेल, तर साप्ताहिक स्थितीप्रमाणे तो माणूस रोजगारात. हे ऐकून लोक चिडतात. 'सरकारने आकडे लपवायला ही युक्ती काढली' असा फॉरवर्ड तुम्हाला आला असेल, मला तर चारदा आला. ते बरोबर नाही. एका तासाचा निकष आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या १९८२ सालच्या सांख्यिकी परिषदेचा आहे आणि बहुतेक देश तोच वापरतात. त्यामागे कारणही आहे. राष्ट्रीय उत्पन्नात एका तासाचं उत्पादन धरायचं असेल तर ते करणारे हातही धरले पाहिजेत, नाहीतर हिशेब जुळत नाही.

म्हणून निकषाला शिव्या देण्यात अर्थ नाही. तो कुठे चालतो आणि कुठे कोसळतो, हे पाहायला हवं. जर्मनीत किंवा डेन्मार्कमध्ये काम गेलेल्या माणसाला भत्ता मिळतो, तो घरी बसून नोकरी शोधू शकतो. तिथे आठवड्यात एकच तास काम करणारी माणसं अगदी थोडी. आता इथून दोन स्टेशनं पलीकडे तुर्भ्याला सकाळी आठ वाजता या. नाक्यावर गवंडी, रंगारी, बिगारी उभे असतात. दहा वाजेपर्यंत कुणी नेलं नाही तर दिवस गेला. समजा एकाला सोमवारी काम मिळालं, मंगळवार ते रविवार नाही. साप्ताहिक स्थितीत तो बेरोजगार नाही, कारण सोमवारने त्याचा आठवडा भरून टाकला. कामाला पहिलं स्थान, मग काम शोधण्याला, मग बाकी सगळ्याला, असा प्राधान्यक्रम आहे. सहा दिवस नाक्यावर उभं राहणं या क्रमात हरतं.

वर्षाच्या हिशेबात तर आणखी गंमत. आपला जो सगळ्यात जास्त छापला जाणारा आकडा, तो 'नेहमीच्या स्थिती'चा. त्यात वर्षाचा मोठा काळ कशात गेला हे पाहतात, आणि शिवाय तीस दिवस किंवा जास्त काही दुय्यम काम केलं असेल तर तेही धरतात. म्हणजे पदवीधर मुलगा अकरा महिने अर्ज करतोय, आणि श्रावणाच्या आधी महिनाभर गणपतीच्या कारखान्यात रंगकाम केलं, की तो या आकड्यात रोजगारातला. २०२३-२४ सालचा ३.२ टक्के हा दर या पद्धतीचा आहे. त्याच अहवालात, त्याच माणसांचा साप्ताहिक दर ४.९ टक्के. दोन्ही खरे. एक आकडा वर्षाच्या घड्याळाने मोजलेला आहे, दुसरा आठवड्याच्या.

तिसरं घड्याळही होतं, ते दिवसाचं. आणि त्याची गोष्ट मुंबईची आहे. साठच्या दशकात पंचवार्षिक योजनांमधून बेरोजगारीचे आकडे दिले जायचे, मागच्या योजनेतले उरलेले अधिक नवे आलेले वजा नव्या नोकऱ्या, अशा वाण्याच्या वहीसारखे. त्यावर टीका झाली आणि समिती नेमली गेली. अध्यक्ष होते मुंबई विद्यापीठातले प्राध्यापक एम. एल. दांतवाला. १९७० साली त्यांनी अहवाल दिला. त्याचं सार असं, की आपल्यासारख्या देशात पगारदार, शेतमजूर, स्वतःच्या शेतावर राबणारा आणि घरच्या धंद्यात हात लावणारी बाई या सगळ्यांना एका पोत्यात भरून 'इतके बेरोजगार' असा एकच आकडा काढू नका. वेगवेगळे मोजा. त्या विचारातून राष्ट्रीय नमुना पाहणीच्या सत्ताविसाव्या फेरीत वर्ष, आठवडा आणि दिवस ही तिन्ही मापं एकत्र वापरली गेली. दैनिक मापात आठवड्याचे चौदा अर्धे दिवस पाडून प्रत्येक अर्ध्या दिवसात काय केलं ते नोंदवायचं. तुर्भ्याचा तो माणूस यात स्पष्ट दिसतो. एक दिवस काम, सहा दिवस बेकार.

आज या दैनिक दराचं काय झालं? फॉर्ममध्ये सातही दिवसांचे तास अजून विचारतात. आणखी किती तास काम करायची तयारी होती, तेही विचारतात. माहिती आहे, संगणकात आहे, संशोधकांना मिळते. पण मथळ्याला जाणाऱ्या आकड्यांत दैनिक दर नाही. मला या फॉर्मबद्दलचा सगळ्यात मोठा आक्षेप हाच वाटतो. आणि तो फॉर्मवर नाहीच, तो पुढच्या छापखान्यावर आहे. जे विचारलं ते सांगा ना! जानेवारी २०२५ पासून पाहणी बदलली, एप्रिल २०२५ पासूनचे आकडे दरमहा येऊ लागले, पहिल्या महिन्याचा दर ५.१ टक्के. दरमहा आकडा मिळणं चांगलंच. पण तोही साप्ताहिक स्थितीचा. घड्याळ जास्त वेळा बघायला मिळालं, दिवसाचा काटा मात्र काढलेलाच आहे.

सत्ताविसाव्या फेरीबद्दल एक गोष्ट सांगायची राहिली, ती महाराष्ट्राच्या माणसाने विसरू नये. तिचा काळ ऑक्टोबर १९७२ ते सप्टेंबर १९७३. आठवतंय? बाहत्तरचा दुष्काळ! समोर काही पांढरे केस दिसताहेत, त्यांना सुकडी आठवत असेल. खडी फोडणं, नाला बंडिंग, पाझर तलाव. १९७३ च्या उन्हाळ्यात सुमारे पन्नास लाख माणसं दुष्काळी कामांवर होती. आता फॉर्म हातात घेऊन त्यातल्या एका बाईला विचारा, गेल्या आठवड्यात काम केलं का? केलं, रोज केलं. म्हणजे रोजगारात. गाव उजाड, विहीर कोरडी, आणि पाहणीच्या भाषेत ती बाई बेरोजगार नाही. सार्वजनिक कामावरच्या मजुरीला आज वेगळा कोड आहे हे खरं, पण एकूण दरात ती रोजगारातच मिसळते. संकट जितकं मोठं आणि सरकार जितकं कामं काढणारं, तितका बेरोजगारीचा आकडा सुंदर दिसू शकतो.

याच मातीत दुसरं एक माप तयार झालं आणि ते घरी जाऊन विचारण्याचं नव्हतं. वि. स. पागे यांनी सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यात, विसापूरला १९६५ साली जो प्रयोग सुरू केला, त्यातून रोजगार हमी आली. १९७७ चा कायदा, अंमल २६ जानेवारी १९७९ पासून. काम मागा, पंधरा दिवसांत काम मिळेल, नाही मिळालं तर भत्ता. इथे बेरोजगार कोण हे प्रगणक ठरवत नाही. जो उन्हात खडी फोडायला येतो तो स्वतःच सांगतो. काही जण म्हणतात हेच खरं माप. मी इतका भाबडा नाही. कामं काढलीच नाहीत, हजेरीपटावर नावच घेतलं नाही, तर मागणी कागदावर शून्य दिसते. शिवाय पदवीधर मुलगी खडी फोडायला येणार नाही, म्हणून तिची बेकारी नाहीशी होत नाही. जर्मनीत रोजगार कार्यालयातली नोंदणी आणि घरोघरची पाहणी असे दोन्ही आकडे निघतात, ते एकमेकांशी जुळत नाहीत, आणि तिथे कुणी त्यावरून कुणाला देशद्रोही म्हणत नाही.

आता परदेशांशी तुलना. 'अमेरिकेत साधारण चार टक्के, भारतात ३.२, म्हणजे आपण पुढे.' हे वाक्य मी एका जबाबदार माणसाच्या तोंडून ऐकलंय. थोडं सोलून बघू. अमेरिकेत बेरोजगार ठरायला गेल्या चार आठवड्यांत काम शोधण्याची प्रत्यक्ष धडपड दाखवावी लागते. अर्ज, फोन, मुलाखत. नुसत्या जाहिराती वाचल्या तर चालत नाही. आपल्याकडे शोधत असलात किंवा नुसते तयार असलात तरी पुरे. म्हणजे या बाजूने आपलं दार जास्त मोकळं, आपला आकडा खरं तर जास्त यायला हवा. पण दुसऱ्या बाजूला बघा. घरच्या धंद्यात बिनपगारी मदत करणारा माणूस अमेरिकेत आठवड्याला पंधरा तास भरले तरच रोजगारात धरतात. आपल्याकडे तोच एक तास. आणि असे मदतनीस तिथे मूठभर, आपल्याकडे कोट्यवधी.

कोड २१. घरच्या उद्योगातला मदतनीस. वाशीगावात जा, खाडीवर होडी नवऱ्याच्या नावाची, मासळी निवडणं, सुकवणं, टोपली भरणं बायकोचं. ती रोजगारातच धरली पाहिजे, त्याबद्दल वाद नाही. उलट वर्षानुवर्षं तिला धरलं नाही हा अन्याय होता. पण २०१७-१८ साली पंधरा वर्षांवरच्या बायकांचा श्रमसहभाग २३.३ टक्के होता, तो २०२३-२४ मध्ये ४१.७ झाला. सहा वर्षांत अठरा टक्के-बिंदू! एवढी उडी फार थोड्या देशांनी इतक्या थोड्या काळात मारली असेल. एक गट म्हणतो, ही नारीशक्ती. दुसरा म्हणतो, पुरुषांचं उत्पन्न आटलं म्हणून बायका शेतात आणि दुकानात उतरल्या. तिसरा म्हणतो, प्रगणक आता नीट खोदून विचारतात, आमच्या घरातल्या कोड ११ सारखं. माझं मत विचाराल तर तिन्ही थोडं थोडं. पण कोणतं किती, हे एका आकड्यातून कळणार नाही. रोजगारातल्या बायकांपैकी दोनतृतीयांश स्वयंरोजगारात आहेत आणि त्यात बिनपगारी मदतनिसांचा वाटा फार मोठा आहे. जिच्या हातात आठवड्याच्या शेवटी एक रुपया येत नाही आणि जिच्या खात्यात महिन्याला पगार पडतो, त्या दोघींची बेरीज करून पेढे वाटायचे का?

२०१३ साली आंतरराष्ट्रीय संघटनेने व्याख्या बदलली, ती इथे उपयोगी आहे. काम हे सगळंच काम, पाणी भरणं, लाकूडफाटा, स्वतःच्या घरासाठी पिकवणं. पण 'रोजगार' म्हणजे मोबदल्यासाठी किंवा नफ्यासाठी केलेलं काम एवढंच. ती व्याख्या आपण पूर्ण घेतली तर फक्त स्वतःच्या पोटापुरतं पिकवणारे रोजगारातून बाहेर पडतील आणि आपला श्रमसहभाग खाली येईल. कुठल्याही सरकारला हे आवडणार नाही, कुठल्याही पक्षाच्या. विरोधी पक्षात असेपर्यंत सगळ्यांना आवडेल.

दक्षिण आफ्रिकेचं उदाहरण देऊन ही बाजू संपवतो. २०२३ च्या अखेरीस तिथला अधिकृत दर ३२.१ टक्के. शोधून शोधून थकलेल्यांना धरणारा विस्तारित दरही तेच सरकार छापतं, तो ४१.१. आपण ३.२. म्हणजे आपला कामगार दसपट सुखी? तिथे रस्त्यावर गाडी लावून वडे तळण्याची वाट आपल्याइतकी रुंद नाही आणि सरकारी अनुदानाचा थोडा आधार आहे. आपल्याकडे काम गेलं की संध्याकाळी मेहुण्याच्या टपरीवर उभं राहायचं. झाला रोजगार. बेरोजगार राहायलाही घरात चार महिन्यांचं धान्य लागतं. म्हणून आपल्याकडे बेकारी दिसते ती शिकलेल्या तरुणांत, ज्यांना आईबाप अजून पोसू शकतात. १५ ते २९ वयोगटाचा दर २०२३-२४ मध्येही १०.२ टक्के होता.

मग हे आकडे खोटे का? नाही. इथे मी दोन्ही बाजूंचा रोष घेणार आहे. २०१७-१८ चा पहिला अहवाल, ६.१ टक्क्यांचा, अडकून पडला. जानेवारी २०१९ मध्ये राष्ट्रीय सांख्यिकी आयोगाचे पी. सी. मोहनन आणि जे. व्ही. मीनाक्षी यांनी राजीनामे दिले, आकडे वर्तमानपत्रात फुटले आणि अहवाल अधिकृतपणे आला ३१ मे २०१९ रोजी, निवडणूक उरकून. हे लांच्छनास्पद होतं. जुन्या आकड्याशी तुलना करू नका, कारण आता घरं शिक्षणाप्रमाणे गटात पाडून निवडली आहेत, असं तेव्हा सांगितलं गेलं. नमुनाशास्त्राचं पहिलं पुस्तक वाचलेला विद्यार्थीही सांगेल की योग्य भार दिले की गट पाडण्याने सरासरी बिघडत नाही. पण तेव्हापासून दुसऱ्या बाजूला एक सवय लागली, की सरकारी आकडा कमी तर तो खोटा आणि मुंबईच्या सीएमआयईचा जास्त तर तो खरा. सीएमआयई मुलाखतीच्या दिवसाच्या आसपासची स्थिती विचारते, प्रश्नच वेगळा, म्हणून उत्तर वेगळं. आणि त्यांच्या नमुन्यात गरीब घरं कमी सापडतात, हे ज्याँ द्रेझ आणि अनमोल सोमांची यांनी २०२१ मध्ये दाखवलं. द्रेझ काही सरकारचे भाट नाहीत. गैरसोयीचं असूनही ते बोलले.

सरकारी पाहणीचा खरा रोग मला दुसरीकडे वाटतो. नमुना काढायला लागणारी यादी जुनी. २०११ नंतर जनगणना झाली नाही, तेवढ्यात आपल्या आजूबाजूला उलवे, तळोजा, खारघर कुठल्या कुठे गेले. आणि आमच्या वॉचमनसारखे वॉचमन प्रत्येक गेटवर. झोपडपट्टीत प्रगणकाला चहा मिळतो, टॉवरमध्ये इंटरकॉम.

(प्रश्नोत्तरांतला एक प्रश्न इथे देत आहोत. बाजार समितीत हमाली करून निवृत्त झालेल्या एका गृहस्थांनी विचारलं : "सर, आम्ही माथाडी. तुमच्या फॉर्मात आम्ही कुठं?")

बरं झालं विचारलंत, काका. तुम्ही बोर्डात नोंदणी झालेले. १९६९ चा माथाडी कायदा, अण्णासाहेब पाटलांची चळवळ. व्यापारी मजुरी आणि वर लेव्ही बोर्डात भरतो, बोर्ड तुम्हाला पगार देतं, पीएफ आहे. मजुरी नगावर असली तरी नेमाने मिळते, तर फॉर्मच्या व्याख्येने तुम्ही कोड ३१, नियमित वेतनदार. ऑफिसातल्या बाबूच्या रांगेत. आता तुमच्याच गाळ्यासमोर जो बिननोंदणीचा पोरगा तेच कांद्याचं पोतं पाठीवर घेतो आणि संध्याकाळी रोख पैसे घेऊन जातो, तो कोड ५१, नैमित्तिक मजूर. ते पोतं एकाच वजनाचं. एकाला कायदा लागला, एकाला नाही, आणि हा फरक फॉर्म बरोबर पकडतो. करार आहे का, पगारी रजा आहे का, पीएफ आहे का, हे पुढचे रकाने त्यात आहेत. उद्या बाजार इथून हलला आणि टोळीला आठवड्यात दोनच दिवस गाड्या आल्या, तर तुम्हाला 'बेरोजगार' मात्र तो म्हणणार नाही. तुमचे पाच रिकामे दिवस सात दिवसांच्या तासांच्या तक्त्यात शून्य म्हणून लिहिलेले असतील. तो तक्ता छापा, एवढंच माझं मागणं आहे.